दगडाचं अंडं

कारणं सांगणाऱ्या माणसांचा मला लहानपणापासून राग आहे. एखादी गोष्ट का झाली हे ठाऊक नसलं, तर ‘ठाऊक नाही’ म्हणावं आणि गप्प बसावं. पण नाही! आमच्या घरात ठाऊक नसलेल्या गोष्टीचीच कारणं सगळ्यांत जास्त मिळायची. बरं, शाळेतही तेच.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही मेहरूणच्या तळ्यापलीकडे मळ्यात राहायचो. केळी होती, कापूस होता, आणि त्या उन्हाळ्यात नवी विहीर खणणं चाललं होतं. मी जळगावात मुलींच्या शाळेत जायचे. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर आमच्या विज्ञानाच्या बाईंनी एक दिवस पुस्तक बाजूला ठेवून डायनासोरांची गोष्ट सांगितली. त्या त्यांना ‘प्रचंड सरडे’ म्हणायच्या. घराएवढी जनावरं, पृथ्वीवर त्यांचंच राज्य, आणि मग एकही उरलं नाही.

“का मेली?” मी विचारलं.

बाई म्हणाल्या, काही विद्वान म्हणतात थंडी पडली. काही म्हणतात त्यांचा चारा संपला. कोणी म्हणतं धरणीतून आग निघाली. आपल्या पायाखालचा काळा खडक त्याच आगीचा. कोणी म्हणतं डोकं लहान आणि अंग मोठं, म्हणून निभाव लागला नाही. आणि काहींचं म्हणणं असं की, त्यांची अंडी बारकी जनावरं खाऊन टाकायची, किंवा अंडी उबलीच नाहीत.

“मग खरं कारण कुठलं?”

“सगळीच असतील,” बाई म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, “नाहीतर एकही नसेल.” आणि त्यांनी फळा पुसला. माझ्या डोक्यात त्या दिवशी जो गोंधळ शिरला तो अजून निघालेला नाही.

घरी गेले तर तिथे काकूची कारणं चाललेली.

माझी काकू शिरपूरकडची. तिचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. तिची बोली आमच्यापेक्षा निराळी. ती ‘आहे’ला ‘शे’ म्हणाली की आम्ही पोरं तिची नक्कल करायचो आणि तीही हसायची. आमच्या घरात मला हसून बोलणारी ती एकटीच, म्हणून माझा तिच्यावर फार जीव. तर तिला मूल का नाही? आईच्या मते तिनं लग्नाआधी पपया फार खाल्ल्या. आत्या म्हणायची, माहेरच्या देवीचा नवस राहिलाय. वैद्यबुवा म्हणाले, अंगात उष्णता. आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, एकच म्हणणं: तिच्या माहेरचं बीजच कमजोर. काका काहीच म्हणायचे नाहीत. ते जेवायचे आणि मळ्यात जायचे.

एवढ्यावर थांबतं तरी ठीक होतं. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, मांडे आणि आमरस खातात, आणि सण झाला की सासरचं कोणीतरी जाऊन त्यांना घेऊन येतं. आई आणि आत्या सांजोऱ्यांसाठी रवा चाळताना बोलत होत्या, ते मी ऐकलं. यंदा काकूला आखाजीला पाठवायचं, पण आणायला कोणी जायचं नाही. भुसावळकडच्या एका गावाहून काकांना दुसरं स्थळ आलं होतं. दुसऱ्या बायकोला कायद्यानं बंदी आली होती म्हणे. पण आबा म्हणाले होते, कायदा काय मळ्यात येऊन बघतो?

काकूला हे कळलं होतं. कसं, ते मला माहीत नाही. ती दिवसभर कामं करायची आणि मधेच हात थांबवून उभी राहायची.

तशात विहिरीच्या सुरुंगातून एक गोल दगड निघाला. नारळापेक्षा थोडा लहान, बाहेरून खडबडीत, आणि उचलला तर वाटतो त्यापेक्षा हलका. मी तो परकराच्या ओच्यात घेऊन घरी पळाले. काळा खडक त्या आगीचा, खडकात जनावरं गाडलेली, मग हे अंडंच! माझी खात्रीच झाली.

“हाई आंडं शे?” काकूनं विचारलं. मी तिला बाईंची सगळी गोष्ट सांगितली. तिनं दगड दोन्ही हातांत धरून ठेवला.

“मंग त्या अंडी उबन्यात नहीत, त्यामुये बठ्ठा मरी ग्यात?”

“असं काहीजण म्हणतात.”

“तो बी मादीसनाच दोष व्हता का वं?”

मी म्हटलं, ते बाईंनी सांगितलं नाही. काकूनं कापसाच्या दुरडीत खळगा केला आणि दगड त्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, अंडं नव्हे ते. खडक पातळ होता तेव्हाचा बुडबुडा, आत पांढरे खडे निघतील, फोडून बघ. मी फोडला नाही. काकूलाही सांगितलं नाही.

आखाजीच्या आधल्या आठवड्यात काकूचा भाऊ मुऱ्हाळी म्हणून तिला न्यायला आला. ओसरीवर आबा, काका आणि तो पाहुणा चहा पीत होते. काकू स्वयंपाकघराच्या दाराआड. आमच्याकडे सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचंच झालं तर पोराला मध्ये घालून, आबांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं. मीठ संपलं, गडी आला, सगळं माझ्या तोंडून जायचं. काकूनं मला हाक मारली.

“आबासले इचार, त्या मोठाला जनावरं मरी ग्यात, तवय नर कोठे व्हतात?”

तिचं बोलणं सगळ्यांनाच ऐकू गेलं होतं, तरी रीत म्हणून मी आबांपुढे उभी राहून विचारलं, “आबा, ती डायनासोरं मेली तेव्हा त्यांच्यातले नर कुठे होते?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. “नर बी मेलेच असतीन,” ते म्हणाले. “कोनती जनावरं?”

“मंग आबासले इचार,” आतून आवाज आला, “दोष एकली मादीना कसा?”

मी विचारलं. आबांनी बशी खाली ठेवली. पाहुणा जमिनीकडे बघत बसला. काका उठले, चपला घातल्या आणि विहिरीकडे चालते झाले. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. काकू भावाबरोबर एस.टी.नं गेली. दगड दुरडीतच राहिला.

आखाजी झाली. कोणी शिरपूरला गेलं नाही. मी रोज दुरडीतला दगड बघायचे. मग एका सकाळी काका कोणालाच न सांगता निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी काकूला घेऊन आले. काका जेवले आणि मळ्यात गेले.

त्यांनी तिला का आणलं? आई म्हणायची, केळीची लागण तोंडावर होती, हाताखाली माणूस हवं होतं. आत्या म्हणायची, भुसावळकडच्यांनीच माघार घेतली. आबा म्हणायचे, मीच सांगितलं जा म्हणून. काकांना विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि आता विचारायला काका नाहीत. पुढेही मूल झालं नाहीच. त्याचंही कारण कोणाला कळलं नाही.

खूप वर्षांनी, काकू पार थकली होती तेव्हा, मी पेपरात वाचलेली बातमी तिला सांगितली. आता शास्त्रज्ञ म्हणतात, आभाळातून एक मोठा धोंडा पडला, त्यानं डायनासोर मेले. तो विहिरीचा दगड तिच्या खाटेखालीच असायचा, दुरडी मोडून गेली तरी. तिनं खाटेखाली हात घालून दगड चाचपला.

“वरथीन पडना?”

“हो, वरून पडला.”

“म्हंजे त्यासना काहीच दोष नव्हता. नरना बी नही, मादीना बी नही.”

“असं आता म्हणतात.”

तिनं माझा हात धरला. “हाई आबासले सांगाले पाहिजे व्हतं वं,” ती म्हणाली.