पाऱ्यावर तरंगणारं भिंग

माझी मुलगी मला तुम्ही म्हणते आणि माझ्या धाकट्या भावाला तू. हे तिला कुणी शिकवलं नाही. बोलायला लागली तेव्हापासून तसंच आहे. बायको म्हणते, बापाला अहोजाहो करणं हे तिच्या माहेरचं वळण, ते मुलीत उतरलं, त्यात एवढं काय. त्यात एवढं काही नाही हे मलाही कळतं. पण रविवारी सकाळी बेल वाजते, मुलगी धावत दार उघडते आणि "आलास?" म्हणते, तेव्हा मला ते खुपतंच.

आम्ही बडोद्यात वासण्याला राहतो. मी नंदेसरीला एका केमिकल कारखान्यात आहे, बावीस वर्षं झाली, तिन्ही पाळ्यांत काम. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, लग्न केलेलं नाही. फतेगंजला एक खोली भाड्याने घेऊन राहतो, एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवतो. रविवारी तो सेवउसळ बांधून घेऊन येतो. मी रात्रपाळी करून झोपलेलो असतो आणि बाहेरच्या खोलीतून दोघांचं हसणं ऐकू येत असतं. मी उठून बाहेर आलो की ते हसणं थांबत नाही, फक्त हळू होतं, घरात कुणी वडीलधारं आल्यावर होतं तसं. मुलीच्या घरात मी वडीलधारा, हे बरोबरच आहे म्हणा.

दिवाळीची साफसफाई करताना तिच्या कपाटामागे मला गणिताच्या चाचणीचा पेपर सापडला. पंचवीसपैकी सात. खाली पालकांच्या सहीच्या जागी आमचं आडनाव होतं आणि त्याच्या आधीचं अक्षर माझं नव्हतं, भावाचं होतं. मी खाली बसलो आणि ती सही कितीतरी वेळ बघत राहिलो. मार्कांचं मला फार वाटलं नाही. आठवीत मीही गणितात गटांगळ्या खाल्ल्या होत्या. पण नापास झाल्यावर ती त्याच्याकडे गेली, आणि त्याने पालक म्हणून सही केली. मी पेपर घडी करून पाकिटात ठेवला आणि कुणाला काही बोललो नाही. दोन दिवसांनी भावासकट आम्ही चौघं सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर फिरायला निघणार होतो. हॉटेल ठरलं होतं. उगाच कशाला, असं मनाशी म्हणालो.

पण तो पेपर माझ्याबरोबर गाडीत आला. बायको पुढे, मी गाडी चालवत, मागे ती दोघं. भावनगरपर्यंत ती दोघं गाड्यांच्या नंबरांवरून माणसांची नावं बनवत होती. मी आरशात बघायचो. एकदा तिने आरशात माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला झोप तर येत नाही ना?" काळजीने विचारलं होतं. मला मात्र वाटलं, मला एवढंच विचारायचं असतं हिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दीपगृह बघायला गेलो. समुद्राच्या काठावर, टेकाडावर, पांढरा मनोरा. खाली पूर्वी दिवा सांभाळणारे लोक राहायचे त्या दगडी घराचं संग्रहालय केलं आहे. आत रॉकेलचे मोठे पितळी दिवे, तेल मोजायची भांडी, पिवळ्या पडलेल्या नोंदवह्या, जुन्या दुर्बिणी. आणि मधल्या खोलीत, दोरीच्या कुंपणात, मनोऱ्यावरून उतरवलेलं जुनं भिंग. माणसापेक्षा उंच, काचेच्या पट्ट्यांवर पट्ट्या लावून केलेलं, खिडकीतून येणाऱ्या उन्हात हिरवट दिसणारं. त्याच्या बुडाशी लोखंडाची एक गोल, उथळ, रिकामी परात बसवलेली.

मुलगी दोरीला टेकून उभी राहिली. "एवढं मोठं फिरवायचे कसे?"

भाऊ तिच्या शेजारी गेला आणि सुरू झाला. तो गोष्टी छान सांगतो, हे मान्य केलंच पाहिजे. म्हणाला, दिवा सांभाळणारा माणूस या भिंगाला खांदा लावून रात्रभर फिरायचा, घाण्याच्या बैलासारखा. सूर्यास्ताला सुरू करायचा, सूर्योदयाला थांबायचा. बायको म्हणायची, केवढं चाललात, कुठे पोचलात? तो म्हणायचा, इथेच. असं वर्षानुवर्षं चालून शेवटी एकटेपणाने त्याला वेड लागलं, आणि जमिनीवर आल्यावरसुद्धा तो गोल गोलच चालायचा.

मुलगी ऐकत होती. शेजारचं एक कुटुंबही थांबून ऐकायला लागलं. त्या परातीत काय असायचं ते मला माहीत होतं. मला काम शिकवणारे एक म्हातारे ऑपरेटर आधी कुठेतरी पाऱ्यावर चालणाऱ्या जुन्या कारखान्यात होते, आणि पाऱ्याबद्दल त्यांनी मला जे सांगितलं होतं ते मी विसरलेलो नव्हतो. दीपगृहांचा पाराही त्यांच्याच तोंडून कळला होता.

"तसं नाही ते," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो. म्हणालो, त्या परातीत पारा भरलेला असायचा. पारा पाण्याच्या तेरा-चौदा पट जड, त्यावर लोखंडसुद्धा तरंगतं. हे अख्खं भिंग पाऱ्यावर तरंगत राहायचं. लहान मुलाने बोट लावलं तरी फिरेल इतकं हलकं. फिरवायला घड्याळासारखं यंत्र, त्याला खाली लोंबणारं वजन, आणि ते वजन खाली आलं की किल्ली देऊन परत वर चढवायचं. माणसाचं काम तेवढंच.

"लोखंड तरंगतं?" मुलीने विचारलं. तिचे डोळे माझ्यावर होते. "खरंच, बाबा?"

"खरंच. आणि तो माणूस वेडा झाला असेल तर एकटेपणाने नाही. पाऱ्याची वाफ होते, ती दिसत नाही, वास येत नाही. रोज छातीत गेली की आधी हात थरथरतात. मग झोप जाते. मग माणूस विनाकारण चिडायला लागतो."

तिथला राखणदार दारात उभा होता. तो शेजारच्यांना गुजरातीत म्हणाला, "भाई साचुं कहे छे." मी खरं सांगतोय असं तो म्हणाला, आणि मला फार बरं वाटलं. किती वर्षांनी मी बोलत होतो आणि माझी मुलगी माझ्याकडे अशी बघत होती. तिथे थांबायचं होतं. पण भाऊ हसून म्हणाला, "वा दादा, तुझी गोष्ट माझ्यापेक्षा चांगली आहे," आणि त्या 'गोष्ट' शब्दाने माझं डोकं फिरलं.

"ही गोष्ट नाही," मी म्हणालो. "तुला माहीत नसलं तरी तू ठोकून देतोस. खोट्या सह्या करणाऱ्याला खोट्या गोष्टींचं काय?"

आणि मी पाकिटातून तो पेपर काढून दाखवला. तिथे, त्या परक्या लोकांसमोर. आज विचार केला तर मला स्वतःचा तो हातच आठवतो, कागद धरलेला.

शेजारचं कुटुंब पुढच्या खोलीत गेलं. भाऊ म्हणाला, "बरोबर आहे दादाचं. ती चूक झाली माझी." मग तो बाहेर गेला. मुलगी लाल झाली होती. मला वाटलं रडेल, पण ती रडली नाही. माझ्या हातातला पेपर तिने सावकाश काढून घेतला, घडी केली आणि त्याच्या मागे गेली.

बायकोने तिकिटं काढून ठेवली होती म्हणून आम्ही दोघं मनोरा चढलो. गोल जिना, अरुंद, दमट. वर वारा इतका की बोलता येत नव्हतं. खाली समुद्र, लांबवर मासेमारीच्या होड्या. संग्रहालयाच्या कट्ट्यावर ती दोघं बसलेली दिसत होती. वरून दोघांची डोकी तेवढी दिसत होती, जवळजवळ. ती बोलत असणार आणि तो ऐकत असणार.

"तिला पारा आवडला होता," बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "तुम्ही तिथेच थांबायला हवं होतं."

खाली आल्यावर बायको मुलीला घेऊन शहाळं प्यायला गेली. मी भावाजवळ जाऊन उभा राहिलो. माफी मागावी असं मनात होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "मला का नाही सांगितलं तुम्ही दोघांनी?"

तो म्हणाला, "ती रडत आली होती खोलीवर. मी म्हटलं, दादाला सांग, तो मारणार थोडाच आहे. तर म्हणाली, बाबा रात्रभर जागून येतात, फी भरतात, त्यांना कसं सांगू. तुला घाबरत नाही रे ती. तुझी तिला कीव येते."

कीव. हा शब्द मी अजूनपर्यंत कुणाला सांगितलेला नाही. मुलगी माझ्याबद्दल काय विचार करते ते मला भावाकडून कळावं, याचा मला त्या क्षणीसुद्धा हेवा वाटला. त्याला ते माहीत होतं, महिनाभर माहीत होतं, आणि मी मात्र रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी नंबरांवरून नावं बनवली नाहीत. धंधुक्याच्या पुढे आम्ही चहाला थांबलो. मुलगी माझ्यासमोर बाकावर बसली आणि बशीकडे बघत म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे पारा आहे? कारखान्यात?"

"नाही. आमच्याकडे कधीच नव्हता."

"मग तुम्हाला हात थरथरतात ते कसं माहीत?"

मी तिला त्या म्हाताऱ्या ऑपरेटरांबद्दल सांगितलं. ते चहा प्यायचे तेव्हा कप बशीवर वाजायचा, म्हणून ते कायम स्टीलच्या पेल्यातून आणि दोन्ही हातांनी प्यायचे. मी नवा होतो, एकदा त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन पाऱ्याबद्दल सगळं शिकवलं, तासभर, अगदी शांतपणे. हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. मुलीने शेवटपर्यंत ऐकलं.

"मग तुम्ही सॉरी म्हणालात त्यांना?"

"नाही. ते निवृत्त झाले. मग राहून गेलं."

तिने बशी बाजूला सारली. मग वळून भावाला म्हणाली, "काका, ऐकलंस?" आणि तीच गोष्ट त्याला पहिल्यापासून सांगू लागली. माझ्याजवळ एक मिनिटसुद्धा टिकली नाही ती गोष्ट.

त्यानंतर भाऊ रविवारी यायचा बंद झाला. शाळेचं काम आहे, परीक्षा आहेत, असं फोनवर सांगायचा. खरं सांगायचं तर पहिले दोन रविवार मला बरं वाटलं. मुलगी माझ्याबरोबर बसून नाश्ता करायची, शाळेतलं एखाददुसरं सांगायची. मग लक्षात आलं की ती सगळं बेतून सांगते आहे, मला बरं वाटावं म्हणून. पाचव्या रविवारी मीच फतेगंजला गेलो.

तो शर्टाला इस्त्री करत होता. खोलीत कागद, रंग, खिडकीत वाळत घातलेले ब्रश. मला बघून त्याने खुर्चीवरची चित्रं उचलली आणि मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही.

"त्या दिवशी मी बोलायला नको होतं," मी म्हणालो. "लोकांसमोर तर नाहीच."

"सोड ना दादा."

"सोडत नाही. चल घरी. ती वाट बघते."

त्याने इस्त्री उभी ठेवली. शर्टावर हात पुसल्यासारखा फिरवला. "मी येईन. पण ती माझ्याशी बोलत बसते ते तुला चालत नाही, हे मला माहीत आहे. आधीपासून माहीत आहे. तुला चालेल का, ते सांग."

चालेल म्हणणं सोपं होतं. त्यासाठीच मी आलो होतो. पण त्याच्याशी खोटं बोलायची त्या दिवशी माझी हिंमत झाली नाही.

"नाही चालत," मी म्हणालो. "पण ये."

तो हसला, आणि शर्ट तसाच अर्धवट इस्त्रीचा अंगात घालून माझ्याबरोबर खाली उतरला.