तळ्यावर न्यायच्या सामानाची यादी

रविवारी तळ्याकाठच्या उद्यानात जायचं ठरलं की आमच्याकडे आधी कॅलेंडरचं सरलेलं पान फाडलं जातं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर न्यायच्या सामानाची यादी होते. परत आल्यावर बायको ती यादी पुढच्या वेळेसाठी म्हणून खणात ठेवते आणि पुढच्या वेळी हमखास नवी करते.

आज पेन शोधताना त्या जुन्या याद्या हाती लागल्या. सगळ्यांत जुनीत दुधाची बाटली आणि लंगोट आहेत. नंतरच्या एकीत चेंडू, मग पत्ते. सतरंजी आणि बटाट्याची भाजी सगळीकडे. आईला खाली बसवेना, तेव्हापासून ‘आईंसाठी घडीची खुर्ची’ आहे. आई गेल्यानंतरच्या यादीत खुर्ची नाही.

तळं तेच आहे. बदकंही तीच वाटतात. आपणच एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरकत असतो, आणि ते आपल्याला घरातलं दुसरंच कुणीतरी सांगतं.

यंदाची यादी मुलगी लिहीत होती. भाजीखाली तिनं लिहिलं, ‘बाबांसाठी खुर्ची’.

“मला कशाला? मी सतरंजीवर बसतो की,” मी म्हणालो.

“गेल्या वेळी उठताना दोघांनी हात दिला होता, बाबा,” ती मान वर न करता म्हणाली आणि पुढे मीठ लिहिलं.

संध्याकाळी मी माळ्यावरून खुर्ची काढली, पुसली आणि घरात कुणी नाही असं पाहून तिच्यावर बसलो. मधली पट्टी पाठीला चांगलीच टोचते. आई कधी बोलली नाही.