बांधीचं बूड

माझ्या माहेरी फाल्गुन संपायच्या आत ज्याच्या वावरात नांगर गेला नाही, त्याला लोक तोंडावर आळशी म्हणत. माहेर वर्ध्याकडचं, काळ्या जमिनीचं, कापसाचं. पऱ्हाट्या उपटून झाल्या की माझे वडील लोखंडी नांगराला चार बैल जुंपत आणि जमीन हातभर खोल उलटून टाकत. ढेकळं उन्हात तापली की कुंदा मरतो, हरळी मरते आणि पावसाचं पाणी आत मुरतं, हे मी पाटी हातात धरायच्या आधी शिकले होते. म्हणून लग्न होऊन भंडारा जिल्ह्यात, कारध्याहून पाच कोस आत असलेल्या गावात आले आणि पहिल्याच कार्तिकात सासऱ्यांची पेरणी पाहिली, तेव्हा मला हसू आवरेना.

पेरणी कसली! धान अजून उभा होता, लोंब्या पिवळ्या पडत होत्या, खालचं पाणी नुकतंच काढून दिलेलं. सासरे धोतर गुडघ्यावर खोचून त्या चिखलात शिरले आणि भिजवलेलं लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी मुठीमुठीने धानातच फेकत चालले. ना नांगर, ना वखर, ना तिफण. याला इकडे उतेरा म्हणतात. पंधरा दिवसांनी धान कापला तेव्हा खाली लाखोरीची बोटभर रोपं तयार. फाल्गुनात बायकांनी ती उपटून खळ्यावर नेली, की झालं पीक. मी नवऱ्याला म्हटलं, "तुमच्याकडे शेती करतात की पाखरांना दाणे टाकतात?"

तो हसला. त्याला हसायला काय जात होतं! तो जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे सायकलवर टांग मारून जायचा. घरात आम्ही तिघंच उरत होतो. मी, सासरे आणि माझा धाकटा दीर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

आमची शेती म्हणजे सहा बांध्या आणि वरच्या अंगाला थोडी बरड, मुरमाड जमीन. चारी बाजूंनी मातीची पार घातलेलं धानाचं वावर म्हणजे बांधी. तिच्यात पाणी साठून राहिलं तरच धान होतो. गावतलावाच्या अगदी खाली होती ती मोठी बांधी. घरातला वर्षाचा तांदूळ तिच्यातूनच यायचा, बाकीच्या पाच नुसत्या हातभार लावणाऱ्या.

सत्तरीच्या दशकाच्या मध्याला दिराने एका मित्राबरोबर जुना ट्रॅक्टर घेतला. वीटभट्टीवरचा, रंग उडालेला, एक दिवा फुटलेला. बॅटरी कायम मेलेली, त्यामुळे तो उतारावरच उभा करावा लागे. सुरू झाला की काळा धूर ओकायचा आणि गोठ्यातली जनावरं दावी तोडायला बघायची. दीर विटा वाहायचा, रेती वाहायचा, आसपासच्या बरड जमिनी नांगरून द्यायचा. सासऱ्यांनी त्याला एकच गोष्ट बजावली होती, बांधीत हे यंत्र घालायचं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. म्हातारं माणूस आहे, बैलांवर जीव आहे, एवढाच आम्ही अर्थ लावला.

मला मात्र तो ट्रॅक्टर मनापासून आवडायचा. त्याच्या मागचा दोन फाळांचा पलटी नांगर बघितला की मला माहेर आठवायचं. मी दिराला डिवचायची, "भाऊजी, लोकाईच्या जमिनी नांगरता, आपल्या घरच्या तशाच पडल्या." तो कानकोंडा होऊन हसायचा.

एका चैत्रात सासरे लेकीकडे पवनीला गेले, आठ दिवसांसाठी. त्यांच्या मागे अवकाळी पाऊस झाला, चांगला झोडपून. दोन बैलांतला एक आधीच लंगडत होता. मोठ्या बांधीतली लाखोरी निघालेली होती, जमीन मऊ झाली होती. माझ्या अंगात वडील संचारले म्हणा ना.

"भाऊजी, मोठी बांधी उलटून टाका. चांगली खोल. येवढी वल मंग सापडाची नाई."

"वहिनी, बाबा रागावतीन. बांधीत ट्रॅक्टर घालू नको म्हनून किती डाव सांगतलं त्यायनं."

"मामाजीले मी सांगतो ना. माझ्या बापानं जलमभर उनाळ्यात नांगरलं, काय वाईट झालं त्याचं?"

"पक्कं ना? तुमीच सांगानं."

"मीच सांगतो. तुमी नांगर लावा."

पारीचा एक कोपरा कापून ट्रॅक्टर आत घातला. वरची वीतभर माती लोण्यासारखी कापली गेली, मग नांगर एकदम करकरला आणि यंत्राची पुढची चाकं उचलली गेली. दीर खाली उतरला, नांगराच्या तासात हात घालून म्हणाला, "वहिनी, खाली कडक लागून राहिलं. दगडावानी."

"कडक हाय म्हनून तं फोडाचं हाय," मी म्हटलं. किती आत्मविश्वासाने म्हटलं मी ते! आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

त्याने नांगर आणखी खाली सोडला. तीनदा यंत्र बंद पडलं, तीनदा आम्ही आणि शेजारच्या माणसांनी ते ढकललं. दिवस मावळेपर्यंत पूर्ण बांधी ढेकळांनी भरली. काळ्या मातीत मधूनमधून पिवळा मुरूम वर आला होता. मी पारीवर उभी राहून ते बघत होते आणि वडील इथे असते तर, असं मनात म्हणत होते. इतकी खूश मी सासरी क्वचितच झाले असेन.

सासरे परतले ते एसटीतून उतरून घरी न येता सरळ बांधीवर गेले. गावातल्या कुणीतरी सांगितलं असणार. आम्ही दोघं धावत मागे गेलो. ते ढेकळांच्या मधोमध उकिडवे बसले होते. हातात एक ढेकूळ होतं, एका अंगाला काळं, एका अंगाला पिवळं.

"कोनं सांगतलं तुले?" त्यांनी मुलाला विचारलं.

उत्तर मी नांगरल्या दिवसापासून घोकून ठेवलं होतं. मी सांगतलं मामाजी, माझ्या माहेरी असंच करतात. तोंडाला जहाल म्हणून मी गावात प्रसिद्ध होते. ते रागावले असते तर मी भांडलेसुद्धा असते. पण ते रागावलेले नव्हते. ते घाबरले होते. त्या वयाचा माणूस इतका घाबरलेला मी कधी बघितला नव्हता. दिराने माझ्याकडे एकदा पाहिलं. वाट पाहिली. मग म्हणाला, "मीच केलो, बाबा."

"अरे, बांधी म्हनजे गंज हाय, पानी ठेवाचं भांडं," सासरे म्हणाले. "माझ्या आज्यापासून दरसाल बैलाच्या पायानं चिखल तुडवून तुडवून तिचं बूड बसवलं होतं. तू त्या गंजाचं बूड फोडून टाकला. आता पानी कायच्यात ठेवशीन?"

खरं सांगायचं तर तेव्हाही मला पटलं नाही. आषाढात पटलं. बाकीच्या पाच बांध्या तुडुंब भरल्या आणि मोठी बांधी सकाळी भरलेली दिसायची, संध्याकाळी नुसता चिखल. माझ्या माहेरी पाणी जमिनीत जायला हवं होतं. इथे ते जायला नको होतं. एवढी साधी गोष्ट तीन वर्षं धानात राबूनही माझ्या डोक्यात शिरली नव्हती. जे मी कडक म्हणून फोडायला लावलं, त्याच्यावरच आमचं सगळं पाणी उभं राहत होतं.

तरी धानाची रोवणी केली. तलावाचं पाणी पुन्हा पुन्हा घेतलं. ते आमच्या बांधीतून झिरपून खालच्या शेजाऱ्याकडे जाई, आणि त्याचा धान फुकटात डवरला. "तुमची बांधी लई धरमी झाली बाप्पा," तो हसत म्हणायचा. आमच्याकडे लोंब्या आल्या त्या पोकळ. कार्तिकात सासऱ्यांनी सवयीने लाखोरी फेकली, तर खाली ओलच नव्हती. बी मुंग्यांनी वाहून नेलं. त्या वर्षी भंडाऱ्याच्या बाजारातून तांदूळ आणावा लागला. तो भात पानात पडला की सासरे मान वर न करता जेवत.

ट्रॅक्टर अंगणातून मित्राच्या दारात गेला. सासऱ्यांनी धाकट्याशी बोलणं सोडलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही, नुसतं बोलायचं बंद. दोघं एकाच ओसरीवर बसलेले असत आणि निरोप माझ्यामार्फत जात. "त्याले सांग, जेवून घे." "बाबाले सांगा, बैल पाजून आनलो." ज्या बाईने हे सगळं केलं तीच दोघांच्या मध्ये उभी राहून निरोप पोचवत होती. मला स्वतःची किळस यायची, पण निरोप मी बिनचूक पोचवायची.

एकदा गोठ्यात तो एकटा असताना मी म्हटलं, "भाऊजी, मी आज सांगून टाकतो मामाजीले."

त्याने वैरण टाकता टाकता मान हलवली. "राहू द्या, वहिनी. भाऊ तिकडं असते. तुमाले इथंच राहाचं हाय, त्यायच्यासंगं. मी कुठंबी पोट भरीन."

मी किती चटकन ऐकलं त्याचं! एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं. पुढच्या वर्षी ट्रॅक्टरमधला आपला वाटा मित्राला देऊन तो दुर्गकडे निघून गेला, राइस मिलचा ट्रक चालवायला. मग पोळ्याला यायचा, दिवाळीला यायचा, दोन दिवस राहून जायचा.

मी त्या बांधीवर तुटून पडले. उन्हाळ्यात तलावातला गाळ टोपल्यांनी वाहून आणला. पावसाळ्यात गावातल्या म्हशी मागून आणायची आणि चिखलात तासन् तास गोल गोल फिरवायची. बायका म्हणत, "वर्ध्यावाली आता म्हशी नाचवून राहिली." सासरे पारीवर बसून कुठे पोकळ आहे ते काठीने दाखवायचे. सहा-सात वर्षं गेली त्यात. हळूहळू पाणी एक दिवस थांबू लागलं, मग तीन दिवस. गाव म्हणू लागलं, सून असावी तर अशी. सासरेही म्हणू लागले. दर वेळी मी तोंड उघडायची आणि मिटायची. तोवर मला त्यांची भीती उरली नव्हती. खरं कारण वेगळं होतं आणि ते सांगायला लाज वाटते. मला ती वाहवा आवडू लागली होती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सासरे थकले आणि त्यांनी वाटणी करायची ठरवली. दिवाळीचे दिवस, दोन्ही मुलगे घरी. ओसरीवर गावातली चार वडीलधारी माणसं बसली होती. मी दाराआड चहाच्या कपबश्या घेऊन उभी होते.

"मोठी बांधी आन् तीन बारक्या मोठ्याले," सासरे म्हणाले. "लहान्याले वरची बरड आन् दोन बारक्या बांध्या. मोठी त्याच्या हाती देली तं तो परत फोडीन. बांधी कशी राखाची, हे माझ्या सुनेले समजते."

नवऱ्याने समाधानाने मान खाली घातली. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. दीर उंबऱ्याजवळ बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं असतं तर मी बोलले असते, अशी मी अनेक वर्षं स्वतःची समजूत घातली. त्याने पाहिलं नाही. मी बाहेर जाऊन सगळ्यांपुढे चहा ठेवला, त्याच्याही पुढे. तो कागदावर सही करून चहा प्यायला.

निघताना तो मोठ्या बांधीकडे वळला. मी मागोमाग गेले. धान उभा होता, खाली लाखोरीचे कोंब नुकते वर आले होते. त्याने खाली बसून चिखलात मनगटापर्यंत हात खुपसला आणि बोटांनी खालचा थर चाचपून पाहिला.

"पानी किती दिवस राहाते आता, वहिनी?"

"आठ-दहा दिवस."

"म्हनजे बसलं बूड," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका मोकळा झाला, जणू बांधी त्यालाच मिळाली होती. "मले तेचाच घोर होता." हात गवताला पुसून तो एसटीच्या दिशेने चालू लागला. मी मागून हाकसुद्धा मारली नाही.

फाल्गुनात सासऱ्यांनी अंथरूण धरलं. शेवटच्या आठवड्यात त्यांचं बोलणं कमी झालं होतं, पण शुद्ध होती. एका दुपारी त्यांना पाणी पाजताना मी विचारलं, "मामाजी, भाऊजीले तार करू? बलावू त्यायले?"

"कायले?" ते म्हणाले.

घरात कुणी नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट पाहत. मी त्यांचं तोंड पदराने पुसलं आणि पेला घेऊन आत गेले.