बसा म्हणू नका

‘बसा’ म्हटलं की काका उठायचे. आधीच उभे असले तर एक पाऊल मागे सरायचे, आणि उजवा हात शर्टाच्या खिशावर जायचा. खिशात पासपोर्ट. घरातल्या घरात, लुंगीवर असतानासुद्धा.

आता तुम्हीच सांगा, मराठी घरात दारात आलेल्या माणसाला दुसरं म्हणायचं तरी काय? माझ्या बायकोनं ‘टेका जरा’ म्हणून पाहिलं. मी मंडळाच्या नाटकांत कामं करणारा माणूस, मी एकदा काहीच न बोलता सोफ्याकडे राजदरबारी हात केला. तेव्हा काका बसले खरे, पण पुढच्या स्टॉपवर उतरायचं असल्यासारखे, टोकावर.

“वहिनी, चहा घेतो. पण बसा म्हणू नका हो,” ते म्हणाले.

सनीव्हेलमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर त्यांची मुलगी राहते. काकू गेल्या, चिपळूणच्या घराला कुलूप लागलं आणि काका लेकीकडे आले. त्याआधीची सगळी हयात आखातातल्या एका देशात गेलेली. देशाचं नाव ते घेत नसत, ‘तिकडे’ म्हणत. तिकडे ते एका बांधकाम कंपनीचे मंदूब होते. मंदूब म्हणजे परदेशी कामगारांचे कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांच्या खेपा घालणारा माणूस. कुणाचं राहण्याचं कार्ड, कुणाच्या बोटांचे ठसे, कुणाचा देश सोडण्याचा परवाना. सगळ्या वाटा शेवटी दाखलियात जायच्या. दाखलिया म्हणजे तिथलं गृहखातं. हा शब्द काका देवळासमोरून जाताना काढावा तसल्या आवाजात काढत.

आणि ‘बसा’चं शास्त्र तिथलंच.

“राव, काउंटरवर उभं ठेवलं म्हणजे काम होणार. खेकसले तरी होणार. उद्या या म्हणाले तरी होणार. पण साहेब गोड आवाजात बसा म्हणाला की समजायचं, संगणकात काहीतरी दिसलंय आणि आत कुणाला तरी फोन गेलाय.”

मी त्यांना पहिल्यांदा सार्वजनिक वाचनालयात नेलं, तेव्हाची गंमत ऐका. नातीला पुस्तकं हवी होती. काउंटरवरची बाई इतकी प्रेमळ, की हसून म्हणाली, “प्लीज, हॅव अ सीट.” काकांचा चेहरा चुन्यासारखा झाला. पासपोर्ट, त्याच्या झेरॉक्स, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, सगळं एका दमात काउंटरवर आलं. मग माझ्या कानाशी, “मागे दार आहे का हो?”

नात जमिनीवर लोळून हसत होती. “आजोबा, इट्स अ लायब्ररी!”

“तिकडेही असंच गोड बोलतात, बाळा.”

पण हाच माणूस आमच्या वसाहतीत गुरू झाला. कुणाच्या आईवडिलांचा ग्रीन कार्डाचा इंटरव्ह्यू असो, की व्हिसाच्या शिक्क्यासाठी कुणा विद्यार्थ्याची मुंबईची खेप, तालीम आमच्या हॉलमध्ये. इस्त्रीचं टेबल उघडायचं, तो काउंटर. मी त्यामागचा अधिकारी. अहो, काय रंगायचो मी! भुवई उडवायचो, कागद उलटा धरायचो, मध्येच जांभई द्यायचो. काका बाजूला उभे राहून शिकवत.

“विचारलं तेवढंच बोला. हसू नका, पण रडकंही दिसू नका. आणि एक लक्षात ठेवा, शिक्का मारलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. तोंडी ‘झालं’ला काही अर्थ नाही.”

हे शेवटचं वाक्य तर ते भाजी आणायला निघालेल्यालाही ऐकवत.

मग त्यांची स्वतःची पाळी आली. ग्रीन कार्डासाठी, जिथे जिथे राहिलात तिथल्या पोलिसांचा दाखला हवा. ‘या माणसावर गुन्हा नाही’ असा. मुलीला त्यात काहीच वाटलं नाही. “बाबा, फॉर्मॅलिटी आहे यार. ठसे द्यायचे, वकिलातीमार्फत अप्लाय करायचं, बस.”

काकांची चालढकल सुरू झाली. आधी बोट कापलं, त्यामुळे ठसे नीट येणार नाहीत. मग फोटोत कान दिसत नव्हता. मग तिकडे रोजे लागले, कचेऱ्या अर्धा दिवस. मग ईद. ईद संपली तर इकडे गणपती. मी मनात म्हटलं, गुरूलाच स्टेजची भीती! घेऊ या तालीम.

त्या शनिवारी दुपारी मी इस्त्रीचं टेबल उघडलं, टाय बांधला, आणि काकांना समोर उभं केलं.

“नाव?”

सांगितलं.

“धंदा?”

“मंदूब होतो, साहेब.”

मी रंगात आलो होतो. टेबलावर पडलेल्या शर्टाकडे संगणकात बघावं तसं बघितलं, थांबलो, आणि अगदी मधाळ आवाजात म्हणालो, “तुमच्या नावावर एक केस दिसते. बसा.”

ते बसले.

वाचकहो, ते जमिनीवर बसले. हात खिशावर तसाच. बायको स्वयंपाकघरातून पाणी घेऊन धावली. मी टाय सोडला. इतक्या वर्षांत माझ्या नटपणाला अशी दाद कुणी दिली नव्हती, आणि अशी दाद पुन्हा कधी मिळू नये.

पाणी पिऊन झाल्यावर ते बोलले.

कंपनीत खेडचा एक ड्रायव्हर होता. त्याच्या गाडीखाली माणूस जखमी झाला. केस उभी राहिली, आणि निकालापर्यंत देश सोडायला बंदी. तेवढ्यात गावाहून फोन आला, आई शेवटच्या घटका मोजतेय. तिकडे रीत अशी, की दुसऱ्या कुणी आपला पासपोर्ट हमी म्हणून पोलिसांकडे ठेवला, तर त्याला थोडे दिवस जाता येतं. काकांनी आपला ठेवला.

“आणि तो परत आला नाही?”

“आला नाही. हमी माझी, म्हणून केस माझ्या नावावर. पुढे आमच्या मालकानं वर कुणाला तरी फोन केला आणि माझा पासपोर्ट परत मिळाला. मालक म्हणाला, झालं. मी म्हटलं, शुक्रिया. लगेच तिकडचं सगळं आवरून निघालो.”

“मग केस मिटली की!”

“शिक्का बघितला नाही, राव. विचारायला गेलो असतो तर कुणी बसा म्हणालं असतं.”

एवढीच ती गोष्ट. मुलीला ठाऊक नव्हती, आणि सांगायची नाही असं त्यांनी आमच्या दोघांकडून वदवून घेतलं.

ठसे दिले. अर्ज गेला. त्यानंतर अनोळखी नंबरवरून फोन वाजला की ते फोन सोफ्यावर ठेवून त्याच्यापासून लांब जाऊन उभे राहत. दात साफ करून घ्या म्हणून दवाखान्याचे फोन यायचे! मी हसवायचा प्रयत्न करायचो. ते हसायचेही, पण डोळे दाराकडे.

तिकडून उत्तर आलं. ‘अर्जदाराने प्रत्यक्ष हजर राहावे.’

मुलगी म्हणाली, “बघा, किती जुनाट सिस्टिम! बाबा, कार्डाच्या इंटरव्ह्यूला मुंबईला जाताना वाटेत दोन दिवस तिकडे उतरा, काम करून टाका.” मी काकांना बाजूला घेतलं. म्हटलं, जाऊ नका. तिला खरं सांगा.

“नाही गेलो तर कार्ड नाही. मग काय? सहा महिने इकडे, बाकी चिपळूणला कुलपाशी. नात तेवढ्यात केवढी होते, बघता ना?” मग म्हणाले, “आणि घाबरायचं तरी किती दिवस? उभं राहून पाय दुखले.”

विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. मुलगी गाडी लावायला गेली, नात आजोबांच्या बॅगेवर बसली होती. काकांनी नवे बूट घातले होते. माझ्यासमोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “घ्या तालीम.”

“काका, नको.”

“घ्या हो. शेवटची.”

माझी भुवई काही उडेना. “नाव?” त्यांनी सांगितलं. “कशासाठी आलात?”

“साहेब, माझ्या नावावर केस आहे का, ते विचारायला आलोय,” ते म्हणाले. एकदाही न अडखळता. मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून आत गेले.

दोन दिवसांनी, आमची जेवणं आटोपत होती तेव्हा, तिकडे सकाळ झाली. माझ्या फोनवर निरोप आला. ‘रांगेत आहे. गर्दी बेताची.’ मी अंगठा पाठवला. मग, ‘माझ्या पुढे एकच माणूस.’ मी लिहिलं, ‘हसू नका, रडकंही दिसू नका.’ त्यावर त्यांनी चक्क हसरा चेहरा पाठवला. त्यांना तो पाठवता येतो हे मला माहीत नव्हतं.

मग बराच वेळ काही नाही. वरच्या मजल्यावर नात धावत होती, तिच्या पावलांचा आवाज छतातून येत होता.

फोन उजळला. तीनच शब्द होते.

‘बसायला सांगितलंय. गोड.’

मी घाईघाईनं काहीतरी लिहिलं, पाठवलं. एक टिक आली. दुसरी येईना. पुन्हा लिहिलं. पुन्हा एकच. माझा उजवा हात शर्टाच्या खिशावर होता, आणि तो तिथे कधी गेला मला कळलं नव्हतं.

बायको हात पुसत बाहेर आली. “अहो, असे मधोमध उभे काय राहिलात? बसा ना.”