पेंडीच्या पोत्याची गाठ
दिंडोरीच्या रस्त्यावर वाइनच्या कारखान्यामागे पडलेल्या द्राक्षाच्या चोथ्याचा आंबूस वास आला की मला आमची तांबडी गाय आठवते. एका वर्षी सासूबाईंनी असाच चोथा फुकटात मिळतो म्हणून ट्रॉली भरून आणला होता. गाय तो चवीनं खायची, वर सरकीची पेंडही मिळायची, तरी दूध कमीच होत चाललं. पेंड घालायची आणि धार काढायची धाकटी जाऊ, आणि तिचं माहेर गावातच. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "आपली पेंड हिच्या माहेरच्या म्हशीला जातीय, बघ तू." मग त्यांनी पोत्याला स्वतःची गाठ मारली, पेंड स्वतः भिजवली आणि गाईनं घमेलं चाटूनपुसून साफ करेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. दूध तरीही घटलंच. "मंग ही दूधच लांबवती," असं म्हणत त्या धारेच्या वेळी गोठ्याच्या दारात बसू लागल्या. जाऊ मान वर न करता धार काढायची. शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. हल्ली नवीन काय घालता, एवढंच त्यांनी विचारलं. "द्राक्षाच्या सालीत, बियांत तुरट अंश असतो. तो पेंडीतली प्रथिनं धरून ठेवतो. ती पचत नाहीत, शेणातून निघून जातात," ते म्हणाले. चोथा बंद केला, दूध हळूहळू वाढलं. सासूबाईंनी धारेच्या वेळी दारात बसणं सोडलं. आता त्या नाहीत, गायही नाही. जाऊ मात्र अजूनही माहेरी निघाली की पिशवीचं तोंड उघडं ठेवून माझ्यासमोरून जाते.