ड्रमभर पाणी

ललिताचा क्लास जेवणाच्या टेबलावर भरतो. बीएस्सी झाल्या झाल्या लग्न झालं आणि प्रयोगशाळेतली नोकरी राहूनच गेली. आता गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये मटार सोलता सोलता ती अकरावीच्या मुलींना रसायनशास्त्र शिकवते. "तुझ्या मोलॅरिटीपायी आमचं जेवण लांबतं," असं कुरकुरत नवरा शेखर ताट घेऊन टीव्हीसमोर बसतो.

यंदा तिचा जीव हर्षालीत अडकला होता. दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराची ही मुलगी मावशीकडे राहून शिकत होती. सहामाहीत केमिस्ट्रीत नापास झाली, तसं वडिलांनी, मल्हारींनी, फोनवर सांगून टाकलं, "रविवारी येतो. सामान बांधून ठेव. गावात आर्ट्सला जा."

शनिवारी ललिताने पुन्हा सहामाहीत चुकलं तसलंच गणित घातलं. दोन मोलर तीव्रतेचं आम्ल, शंभर मिली. ते पातळ करून अर्धा मोलर करायला पाणी किती घालायचं? हर्षालीने गुणाकार-भागाकार बिनचूक केला आणि लिहिलं, चारशे मिली.

"अगं, चारशे हे एकूण झालं! पाणी किती?"

"चारशेच ना, काकू."

ललिताने हातातली शेंग ताटात आपटली. "घरी फवारणीचं औषध कसं कालवता गं तुम्ही?"

"दोनशे लिटरचा ड्रम पाण्याने भरायचा. मग आप्पा त्यात औषध ओततात."

आता ललिताच्या ध्यानात आलं. पोरीच्या हिशेबी उत्तराचा आकडा म्हणजे नुसतं पाणीच होतं. तिने फ्रिजमधून दही काढलं.

"हे एक वाटी दही. मला चार वाट्या ताक हवंय. पाणी किती घालशील?"

"तीन," हर्षाली पटकन म्हणाली आणि तिने जीभ चावली. "म्हणजे आम्लपण धरायचं!"

रविवारी मल्हारी आले. खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाले, "ताई, तुम्ही लय केलं. पण तिला नाय झेपत ते."

ललिताने हर्षालीपुढे कागद सरकवला. चार मोलर आम्ल, पन्नास मिली, एक मोलर करायचं. हर्षालीने लिहिलं, एकूण दोनशे, पाणी दीडशे.

मल्हारी वाकून बघत होते. "दोनशे लिहिलंय की. मग पाणी दोनशेच पायजे. चुकली परत."

"आप्पा, आपल्या ड्रमात औषध इतकुसं. धरलं काय नि नाय काय. इथं आम्लच पन्नास हाय. वर दोनशे पाणी ओतलं तर लय पातळ होईल."

मल्हारींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग सहामाहीत का नाय लिहिलं?"

"तवा डोळ्यापुढं आपला ड्रमच होता."

"म्हंजे नापास मीच झालो म्हण की!" ते हसले. मग म्हणाले, "मावशीला फोन लाव. बांधलेलं सामान सोडून ठेव म्हणावं."

ललिता डोळे पुसत ताक करायला उठली. बोलता बोलता पाणी अंदाजानेच ओतलं. पहिला घोट घेऊन शेखर म्हणाला, "पातळ झालंय."