न दिलेला निरोप

स्टुडिओ सासऱ्यांचा. त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा दोन्ही मुलांनी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली. थोरला बस चालवत होता, धाकटा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात चिकटला होता. मग कॅमेरा आला थोरल्या सुनेच्या हाती. तिनं तो अकरा वर्षं असा सांभाळला, की लेन्सवर कधी बोटाचा ठसा उमटला नाही.

तिचा जीव होता फुटबॉल क्लबच्या वार्षिक फोटोत. चौऱ्याण्णव खेळाडू, दहा वर्षांच्या पोरींपासून टक्कल पडलेल्या गोलकीपरपर्यंत. पहिली रांग जमिनीवर, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी उभी, चौथी बाकांवर, पाचवी टेबलांवर. कोण कुठे, हे ती आदल्या दिवशीच कोचकडून सगळ्यांची उंची मागवून कागदावर आखायची. मग शिडीवर चढून एकेकाला हलवायची. "निळ्या मोज्यांवाली, अर्धं पाऊल डावीकडे." तिच्या फोटोत कुणाच्या कानावर कुणाचा खांदा येत नसे.

तीन वर्षांपूर्वी घरात धाकटी जाऊ आली. तिला फोकस म्हणजे काय ते कळत नव्हतं. पहिल्या वर्षी ती नुसती पिशवी धरायला म्हणून मैदानावर आली, आणि थोरली रांगा जुळवत असताना खालून ओरडली, "अहो गोलकीपरकाका, जरा वाका! ऊन तुमच्या डोक्यावर आपटून आमच्याकडे येतंय!"

चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव जण खदखदून हसले. सगळ्यांत मोठ्यानं गोलकीपर. थोरलीनं नेमकं तेव्हा बटण दाबलं.

तो फोटो सासऱ्यांनी दर्शनी काचेत लावला. येणारा-जाणारा थांबायचा आणि म्हणायचा, "हा धाकट्या सूनबाईंचा ना?" सासरे हसून मान डोलवायचे. थोरली काउंटरमागे पाकिटं चिकटवत असायची. शिडीवर कोण होतं? रांगा कुणी लावल्या? बटण कुणी दाबलं? पण बोलणार कुणाला! पुढच्या दोन वर्षांतही तेच झालं. क्लबातली पोरं आल्या आल्या विचारायची, "त्या हसवणाऱ्या काकू कुठायत?" थोरलीचा नुसता तिळपापड व्हायचा.

चौथ्या वर्षी, फोटोच्या दिवशी दुपारी, क्लबच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला. पाचला मैदानावर दुसरा सामना होता, म्हणून फोटो पाचऐवजी चारलाच उरकायचा. "धाकट्या बाईंनाही घेऊन या हं," त्या म्हणाल्या.

"सांगते की," थोरली म्हणाली.

साडेतीनला ती सामान घेऊन जिना उतरली. खालच्या मजल्यावर धाकटीचं दार. तिथे तिची पावलं थांबली, हातही वर गेला. मग तिनं शिडी अलगद उचलली, आवाज होऊ दिला नाही, आणि निघाली.

मैदानावर सगळं तिच्या मनासारखं झालं. कुणी मध्ये बोललं नाही. वीस मिनिटांत रांगा लागल्या, सहा फोटो निघाले, कोच म्हणाला, "वा, यंदा लवकर सुटलो!" पाचला धाकटी धापा टाकत आली, तेव्हा थोरली शिडी दुमडत होती.

"ताई, झालं पण?"

"अगं, वेळ बदलली. गडबडीत तुला सांगायचं विसरलेच बघ."

"असू दे," धाकटी म्हणाली आणि पिशवी उचलली.

तीन दिवसांनी सासरे भिंग घेऊन प्रिंटवर वाकले. "रेषेत आहे सगळं. एकाचाही चेहरा झाकला नाही." अकरा वर्षांत पहिल्यांदा ते असं बोलले होते. भिंग सरकत सरकत मधल्या रांगेवर आलं. "पण काय गं, यांना कुणी रागावलं होतं का?"

दुपारी धाकटी कटरवर प्रिंटच्या कडा कापत होती. थोरली तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मी विसरले नव्हते."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"सेक्रेटरीबाईंनी मलाही फोन केला होता. तीनपासून चपला घालून दाराआड बसले होते. तुमची पावलं थांबली, ती ऐकली मी. म्हटलं, आता हाक माराल."

"मग पाचला धावत का आलीस?"

"तुम्ही काय म्हणता ते ऐकायला."

कटरचं पातं खाली आलं. थोरलीला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"माझं काय खुपतं हो तुम्हाला?" धाकटीचा आवाज आता चढला. "बाबांना शंभरदा सांगितलंय, फोटो ताईंनी काढलाय म्हणून. ते नुसते हसतात. मी तरी काय करू?"

आतापर्यंत थोरलीला लाज वाटत होती. हे ऐकून मात्र तिच्या अंगाची आग झाली. आपली वकिलीसुद्धा हिनंच करायची! तरी ती एवढंच म्हणाली, "चुकलं माझं." धाकटीनं मान हलवली आणि पुढचा प्रिंट घेतला. महिनाभर दोघींमध्ये मीठ-मिरचीपुरतंच बोलणं उरलं.

पुढच्या वर्षी थोरलीनं आठ दिवस आधीच दार वाजवून वेळ सांगितली. धाकटी आली. रांगा लागल्यावर म्हणाली, "ताई, एकदा मी चढू शिडीवर?" नाही म्हणायला थोरलीला तोंड नव्हतं. धाकटी वरूनच कोचच्या पोटावरून काहीतरी बोलली, सगळं मैदान हसलं, तिनं बटण दाबलं. मग थोरली चढली आणि तिनं आपला एक काढला.

प्रिंट आले. धाकटीच्या फोटोत हसू कसं उसळत होतं. पण उजवीकडचे दोन बचावपटू कडेला अर्धे कापले गेले होते. एकाचा तर नुसता कान आला होता. थोरलीनं तो प्रिंट उजेडात धरून दोनदा पाहिला. धाकटीला बोलावून कड कुठे संपते ते तिनं नीट समजावलं, आवाजात काही येऊ दिलं नाही.

त्या दिवशी थोरली चवीनं जेवली. दोन घास जास्तच गेले.